बिजागरीपासून सुरुवात

लॅपटॉप निवडायला बसलं की आपण आकडे वाचायला लागतो. प्रोसेसर कितव्या पिढीचा, मेमरी किती, साठवण किती. हे आकडे महत्त्वाचे आहेतच, पण ते पहिल्या दिवसाचं वर्णन करतात. चौथ्या वर्षी हाच लॅपटॉप कसा असेल याचा अंदाज घ्यायचा असेल, तर आकड्यांचा कागद बाजूला ठेवावा आणि झाकण उघडून बघावं. मधोमध, एका बोटानं, सावकाश. उघडताना खालचा भाग टेबलावरून उचलला जातोय का? स्क्रीन सोडली त्या कोनात थांबते की थरथरत राहते? झाकणाचा कोपरा धरून अगदी हलका पीळ दिला तर प्लास्टिक कुरकुरतं का?

प्रोसेसर सहसा झिजत नाही, मेमरीही नाही. लॅपटॉपमध्ये खरोखर झिजणाऱ्या गोष्टी मोजक्याच: बिजागरी, बॅटरी, पंखा, चार्जिंगचं तोंड आणि की-बोर्ड. यंत्राचं आयुष्य त्याच ठरवतात. म्हणून माझ्या लेखी चांगला लॅपटॉप तो, ज्यातल्या या पाच गोष्टी उघडून पाहता येतात, साफ करता येतात आणि वेळ आली की बदलता येतात. वेगाचा विचार त्यानंतर.

बिजागरीची रचना तशी साधी. एक पोलादी दांडी, तिच्यावर दाबून बसवलेल्या चकत्या, मध्ये थोडं ग्रीस आणि टोकाला नट. चकत्यांच्या घर्षणावर स्क्रीन हव्या त्या कोनात उभी राहते. बिजागरीचा एक हात झाकणात बसवलेला असतो, दुसरा खालच्या अंगात. खालचं अंग धातूचं असेल तर स्क्रू थेट धातूत पकड घेतो. प्लास्टिकचं असेल तर प्लास्टिकच्या छोट्या खुंटीत आटे पाडलेला पितळी बुश रुतवलेला असतो आणि स्क्रू त्या बुशमध्ये जातो. मोडतं ते नेमकं इथे. काही वर्षांनी ग्रीस सुकतं, बिजागरी जड होते आणि झाकण उघडण्याचा सगळा जोर त्या चिमुकल्या बुशवर येतो. बिजागरी शाबूत राहते, तिच्याभोवतीचं प्लास्टिक फुटतं. त्यात झाकण नेहमी एकाच कोपऱ्याला धरून उघडायची सवय असेल, तर त्या बाजूची खुंटी आधी जाते.

याची चाहूल बरीच आधी लागते. झाकण उघडताना ‘टक्’ असा बारीक आवाज येतो, मग स्क्रीनभोवतीची चौकट खालच्या कोपऱ्यात सुटल्यासारखी दिसते, मग खालच्या अंगाला मागच्या बाजूनं फट पडते. या टप्प्यावर लॅपटॉप उघडा-मिट करणं थांबवावं. मागचं पॅनेल काढून बिजागरीचा नट पाव फेरा सैल केला तरी खुंटीवरचा ताण लक्षणीय कमी होतो. फुटलेली खुंटी दोन भाग मिसळायच्या इपॉक्सी गोंदानं पुन्हा उभी करता येते. इपॉक्सीला पूर्ण ताकद यायला बहुधा २४ तास लागतात, तोवर झाकण हलवायचं नाही. दुर्लक्ष केलं तर मात्र स्क्रीनची केबल जखमी होते, कारण ती बिजागरीच्या शेजारूनच वर जाते. स्क्रीन एका ठरावीक कोनात लुकलुकते आणि थोडी मागे-पुढे केली की नीट होते, असं असेल तर बहुतेक वेळा दोष स्क्रीनचा नसून त्या केबलचा असतो. केबल बदलणं स्क्रीन बदलण्यापेक्षा कितीतरी सोपं आणि स्वस्त.

या उघड-मिटीमुळेच लॅपटॉप लॅपटॉप झाला. १९८१ साली आलेला ऑस्बोर्न १ ‘नेता येण्याजोगा’ म्हणून विकला गेला. त्याचं वजन ११ किलोच्या आसपास होतं, स्क्रीन ५ इंचांची होती आणि आत बॅटरीच नव्हती. पुढच्याच वर्षी आलेल्या ग्रिड कंपासमध्ये बिल मॉग्रिज या डिझायनरनं स्क्रीन की-बोर्डवर मिटणारी केली. त्याचं अंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं होतं, आणि नासाच्या स्पेस शटलमधून तो अवकाशातही गेला. १९९१ साली ॲपलच्या पॉवरबुकनं की-बोर्ड मागे सरकवला आणि पुढे तळहात टेकायला जागा ठेवली. आज जवळपास सगळेच लॅपटॉप तसे दिसतात, त्यामुळे हे कुणाला तरी सुचावं लागलं होतं हेही आपल्या लक्षात येत नाही.

निवडताना बाहेरून एवढं पाहून झालं की आत काय आहे ते विचारावं. मेमरी मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट-पाटीवर, सोल्डर केलेली (कायमची डाख दिलेली) आहे की खाचेत बसणारी? पातळ लॅपटॉपमध्ये ती बहुधा सोल्डर केलेली असते, म्हणजे घेताना जेवढी घ्याल तेवढीच शेवटपर्यंत. अशा वेळी १६ जीबीच्या खाली जाऊ नये. खाच असेल तर आज कमी घेऊन नंतर वाढवता येते, आणि दोन खाचा असतील तर एकसारख्या दोन पट्ट्या लावाव्यात. त्यामुळे मेमरीचे दोन्ही मार्ग वापरात येतात, आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपला त्याचा फायदा चांगलाच जाणवतो. साठवणीची एसएसडी एम.२ प्रकारची (पट्टीसारखी, खाचेत बसणारी) आहे का आणि तिची लांबी किती, हेही विचारावं. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. २२३० म्हणजे लांबी फक्त ३०. छोट्या जागेत मोठी एसएसडी बसत नाही, हे ती विकत घेतल्यावर कळलं तर उपयोग नाही.

हे सगळं विक्रेत्याला माहीत असेलच असं नाही. पण कंपन्यांच्या व्यवसायासाठीच्या मालिकांची दुरुस्ती-पुस्तिका इंटरनेटवर खुली असते. लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड आणि एचपीचे एलाइटबुक यांच्या पुस्तिकांत कुठला स्क्रू कुठे आणि कुठला भाग कुठल्या क्रमानं निघतो हे चित्रांसकट असतं. घेण्याआधी ती पुस्तिका उघडून ‘बॅटरी’ आणि ‘पंखा’ ही दोन प्रकरणं वाचावीत. बॅटरी काढायला पॅनेल आणि चार-पाच स्क्रू पुरत असतील तर उत्तम. की-बोर्ड बदलायला संपूर्ण मदरबोर्ड उचकटावा लागत असेल तर तेही तिथेच कळतं. फ्रेमवर्क या कंपनीनं तर २०२१पासून असे लॅपटॉप काढले आहेत की ज्यांचे भाग वापरणाऱ्यानंच बदलावेत, आणि आतल्या भागांवर क्यूआर कोडही छापलेले असतात. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१पासून नव्या लॅपटॉपवर दुरुस्तीयोग्यतेचे १० पैकी गुण दाखवावे लागतात. तुमचं मॉडेल तिथे विकलं जात असेल तर ते गुण कुठूनही पाहता येतात.

प्रोसेसरच्या नावातलं अक्षर बघण्यासारखं असतं. इंटेलच्या बऱ्याच पिढ्यांत ‘यू’ म्हणजे साधारण १५ वॉटचा आणि ‘एच’ म्हणजे ४५ वॉटचा. मात्र ४५ वॉटचा प्रोसेसर पातळ अंगात कोंबला तर उष्णता बाहेर पडायला वाव राहत नाही आणि तो स्वतःच वेग कमी करतो. स्क्रीनची उजळता निट्समध्ये देतात: २५० निट्सची स्क्रीन खिडकीजवळ बसल्यावर फिकी पडते, ३०० पुरते, ४०० असेल तर निवांत. १६:१० प्रमाणाची स्क्रीन लिहिण्या-वाचण्यासाठी १६:९पेक्षा मला कधीही बरी वाटते. पानाच्या दोन-चार ओळी जास्त दिसतात आणि तेवढ्यानं दिवसभराची वर-खाली धावाधाव कमी होते.

वापरलेला लॅपटॉप घ्यायला मुळीच हरकत नाही. तीन वर्षं जुना व्यवसायाच्या मालिकेतला लॅपटॉप हा नव्या पण तकलादू प्लास्टिकच्या लॅपटॉपपेक्षा बहुधा जास्त टिकतो. पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, शिरून पासवर्ड लावलेला नाही ना, आणि आधीच्या मालकाच्या किंवा कंपनीच्या खात्याशी यंत्र बांधलेलं नाही ना, हे समोर बसूनच तपासावं. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते व इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. त्याहून जुन्या यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम घालायची तयारी असेल तरच ते घ्यावं.

आता बॅटरी. हिच्याबद्दल गैरसमज फार. ‘पूर्ण संपवून मगच चार्ज करा’ हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली सोनीनं बाजारात आणली आणि तिचं दुखणं अगदी वेगळं आहे. तिला दोन्ही टोकं सोसत नाहीत. १०० टक्क्यांवर एकेका सेलचा विद्युतदाब ४.२ व्होल्ट किंवा त्याहून थोडा जास्त असतो. या दाबाखाली आतला द्राव हळूहळू विघटित होत राहतो, इलेक्ट्रोडवरचा थर जाड होतो आणि कामाला येणारं लिथियम त्यात अडकून बसतं. उष्णतेनं हे सगळं भराभर होतं. म्हणजे दिवसरात्र चार्जरला लावलेला, १०० टक्के भरलेला आणि वर गरम होणारा लॅपटॉप ही बॅटरीसाठी सर्वात वाईट अवस्था. बहुतेक कंपन्या आता चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर बांधायची सोय देतात, बायोसमध्ये किंवा त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये. टेबलावर बसून काम करणाऱ्यानं ती पहिल्याच दिवशी सुरू करावी. प्रवासाच्या आदल्या रात्री १०० करावी.

दुसऱ्या टोकाला, शून्यावर आलेला लॅपटॉप महिनोन्महिने कपाटात पडून राहिला तर सेलचा दाब इतका उतरतो की संरक्षक सर्किट चार्जिंगच नाकारतं. लॅपटॉप ठेवून द्यायचा असेल तर ५० टक्क्यांच्या आसपास आणून, पूर्ण बंद करून, थंड कोरड्या जागी ठेवावा, आणि अधूनमधून पाहून पुन्हा ५०वर आणावा.

बॅटरीची तब्येत मोजता येते. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे मिलिवॉट-तासांत दिलेले असतात. पहिला ५७,००० आणि दुसरा ४०,००० असेल तर बॅटरी ७० टक्के उरली आहे. मॅकमध्ये हेच सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावर दिसतं, आणि चार्जिंगची आवर्तनं सिस्टिम रिपोर्टमध्ये. एक आवर्तन म्हणजे एकूण १०० टक्के खर्च. आज ५० आणि उद्या ५० वापरले तर दोन दिवस मिळून एक. विमान कंपनीच्या खास परवानगीशिवाय विमानात नेताना मर्यादा १०० वॉट-तासांची, म्हणून मोठ्यात मोठ्या लॅपटॉपवरही ९९ पॉइंट काहीतरी लिहिलेलं सापडतं.

बॅटरी फुगली तर ते दिसायच्या आधी हाताला कळतं. टचपॅड दाबायला घट्ट लागतो किंवा एका बाजूनं वर येतो, टेबलावर ठेवलेला लॅपटॉप डुगडुगतो, झाकण पूर्ण मिटत नाही. आत वायू साठला आहे. तो लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा आणि पुन्हा लावू नये. फुगलेला सेल दाबणं, टोचणं, पॅनेल लावून जबरदस्तीनं बसवणं म्हणजे आगीला आमंत्रण. अशी बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता बॅटरी स्वीकारणाऱ्या संकलन केंद्रातच द्यावी. आणि नवी बॅटरी घेताना पॅकवर छापलेला भाग-क्रमांक अक्षरशः जुळवून घ्यावा. मॉडेल एकच असलं तरी त्यात दोन-तीन प्रकारच्या बॅटऱ्या असू शकतात.

चार्जरबाबत एकच नियम पक्का ठेवावा: गोल पिनचा असेल तर व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील. १९.५ व्होल्टच्या जागी दुसरंच काही लावू नये. यूएसबी-सी चार्जर आणि लॅपटॉप आपसांत बोलून दाब ठरवतात, त्यामुळे तिथे केबल महत्त्वाची: साधी केबल ३ अँपिअर म्हणजे ६० वॉटपर्यंतच नेते, त्याहून जास्तीसाठी आत ओळख सांगणारी चिप असलेली ५ अँपिअरची केबल लागते. चार्जर ६५ किंवा १०० वॉटचा आणि केबल मात्र फोनची, हे ‘चार्जिंग हळू होतंय’ या तक्रारीमागचं नेहमीचं कारण. यूएसबी-सीचं तोंड १०,००० वेळा लावा-काढायच्या हिशेबानं बनवतात, पण मांडीवर काम करताना केबलला बाजूनं बसणारा धक्का त्या हिशेबात नसतो. तोंड मदरबोर्डवरच सोल्डर केलेलं असेल तर तो धक्का महागात पडतो. दोन्ही बाजूंना तोंडं असतील तर आलटून-पालटून वापरावीत.

लॅपटॉप गरम होतो, पंखा ओरडतो, काम रखडतं. इथे घाईनं थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि त्यावरच्या तांब्याच्या पट्टीमधला उष्णता वाहून नेणारा लेप, बदलायला धावू नये. आधी हवेच्या झरोक्यापाशी हात धरावा. पंखा जोरात फिरतोय पण बाहेर येणारी हवा क्षीण आहे, तर धूळ. हवा भरपूर येतेय पण गार आहे, आणि काम सुरू केल्याबरोबर दोन-तीन सेकंदांत प्रोसेसरचं तापमान ९५ अंशांवर उडी मारतंय, तर उष्णता प्रोसेसरपासून तांब्यापर्यंत पोचतच नाहीये. तेव्हा दोष पेस्टचा किंवा सैल स्क्रूचा.

आतली व्यवस्था सुंदर असते. प्रोसेसरवर तांब्याची पट्टी, तिच्यावरून जाणारी चपटी नळी. नळी पोकळ असते, आत कमी दाबाखाली थोडंसं पाणी. तापलेल्या टोकाला त्याची वाफ होते, वाफ पंख्याशेजारच्या पातळ पात्यांपाशी जाऊन थंडावते, आणि आतल्या जाळीदार अस्तरातून पाणी परत येतं. एकही हलणारा भाग नाही. पंखा या पात्यांतून हवा ढकलतो, आणि हवेतले धागे, केस, धूळ पात्यांच्या आतल्या तोंडाशी अडकतात. काही महिन्यांत तिथे नमद्यासारखा सलग थर तयार होतो. बाहेरून हवा मारली तर हा थर सुटून पंख्यात पडतो आणि पुन्हा तिथेच येऊन बसतो. तो आतूनच काढावा लागतो.

त्यासाठी लॅपटॉप पूर्ण बंद करून, उताणा करून, खाली मऊ कापड घालावं. पॅनेलचे स्क्रू बहुधा फिलिप्स ० किंवा ०० चे किंवा टॉर्क्स ५ चे असतात. चुकीच्या मापाच्या स्क्रू ड्रायव्हरनं डोकं सोलवटलं की पुढचं सगळं अडतं. एका कागदावर लॅपटॉपच्या पाठीची आकृती काढावी आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टेपनं चिकटवावा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते, आणि आखूड जागी लांब स्क्रू घट्ट पिळला तर तो थेट की-बोर्डच्या पाठीत किंवा बोर्डात घुसतो. पॅनेल खटक्यांवरही बसलेलं असतं. प्लास्टिकची पट्टी कडेनं फिरवत एकेक खटका सोडवावा, धातूचं हत्यार नको. आत गेल्यावर सर्वांत आधी बॅटरीचं कनेक्टर काढायचं, तारांना न ओढता. मग पंख्याचे तीन-चार स्क्रू काढून पंखा उचलायचा. तो नमद्याचा थर चिमट्यानं धरला की पट्टीसारखा अखंड निघतो. उरलेल्या धुळीसाठी मऊ ब्रश आणि हवेचे छोटे झोत, पण पातं बोटानं धरून. हवेच्या झोतानं पंखा वेड्यासारखा फिरला तर बेअरिंग खराब होतं. वर्षातून एकदा पुरतं. घरात मांजर-कुत्रं असेल तर सहा महिन्यांनी.

पेस्ट बदलायची वेळ आलीच तर तांब्याच्या पट्टीवर स्क्रूंपाशी छापलेल्या आकड्यांच्या उलट क्रमानं स्क्रू थोडे थोडे सैल करावेत. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसावी, नव्वद टक्के किंवा अधिक शुद्धतेच्या. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर वरचं झाकण नसतं, काचेसारखा उघडा तुकडाच असतो. त्यामुळे त्याचा कोपरान् कोपरा पातळ थरानं झाकला पाहिजे. बसवताना आकड्यांच्या क्रमानं, प्रत्येक स्क्रू अर्धा फेरा. शेजारच्या चिपांवर रबरी पॅड असतील तर ते जपावेत. बदलायचेच तर त्याच जाडीचे घ्यावेत. त्या फटीत पेस्ट भरून भागत नाही.

की-बोर्डवर काही सांडलं तर विचार करायला वेळ नसतो, म्हणून क्रम आधीच डोक्यात असावा. चार्जर ओढायचा, पॉवरची कळ दहा सेकंद दाबून धरायची, आणि झाकण जमेल तेवढं उघडून लॅपटॉप तंबूसारखा पालथा उभा करायचा. ‘सेव्ह’ करत बसायचं नाही. नुकसान करतो तो नुसता ओलावा नव्हे. पाण्यातले क्षार आणि बॅटरीचा दाब एकत्र आले की बोर्डावरचं तांबं विरघळायला लागतं, आणि लॅपटॉप बंद असला तरी बॅटरी जोडलेली असते, म्हणजे हे चालूच राहतं. जमत असेल तर मिनिटांत पॅनेल काढून बॅटरी सोडवावी. हेअर ड्रायर ओलावा आणखी आत ढकलतो. तांदळात ठेवल्यानं मिळतो तो नुसता धीर. पेय गोड असेल तर ते वाळलं तरी साखर आत राहते. बोर्ड अल्कोहोलनं आणि मऊ ब्रशनं धुतल्याशिवाय तो लॅपटॉप सुरू करू नये.

रोजच्या वापरात एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगावीशी वाटते: झाकण नुसतं मिटून लॅपटॉप पिशवीत घालू नका. नव्या लॅपटॉपची झोप अर्धजागी असते. तो मध्येच जागा होतो, अपडेट उतरवतो, आणि पॅड लावलेल्या पिशवीत उष्णतेला जायला वाट नसते. पिशवी उघडल्यावर भाजणारा लॅपटॉप आणि १२ टक्के बॅटरी हाती येते. झाकण मिटल्यावर हायबरनेट होईल, म्हणजे चालू काम डिस्कवर ठेवून लॅपटॉप पूर्ण बंद होईल, असं सेटिंग करावं. कॅमेऱ्यावरचं जाड झाकण, टेबलावरून उचललेला इअरफोन किंवा पेन्सिल की-बोर्ड आणि स्क्रीनच्या मध्ये राहिली नाही ना, एवढं पाहून मगच मिटावं. स्क्रीन पुसायला मायक्रोफायबरचं कापड, गरज पडल्यास शुद्ध पाण्यात जेमतेम ओलं केलेलं. काच पुसायचे अमोनियाचे फवारे त्यावरचा लेप खातात.

लॅपटॉप दुसऱ्याला द्यायची वेळ येते तेव्हा आधी माहितीची नक्कल बाहेर घ्यावी आणि ती नक्कल दुसऱ्या यंत्रावर उघडून बघावी. एसएसडीवरून पुसलेलं परत मिळण्याची आशा फारशी नसते. मग खात्यांमधून बाहेर पडावं, बायोसचा पासवर्ड काढावा, डिस्क यंत्राच्या स्वतःच्या ‘रीसेट’मधून पूर्ण पुसावी, बॅटरी निम्म्यावर आणावी. चार्जर, त्याची केबल आणि पेस्ट किंवा बॅटरी कधी बदलली ती तारीख लिहिलेली चिठ्ठी सोबत द्यावी. आणि स्क्रूंच्या नकाशाचा तो कागद, रिकाम्या टेपांसकट.